तळ्यातला की नदीतला?

जळकोटच्या आठवडी बाजारात मासळीच्या कोपऱ्यात दोन तऱ्हेची भांडी असतात. थर्माकोलच्या डब्यात बर्फावर रचलेले कटला, रोहू आणि मृगळ. शेजारी एखादं घमेलं, त्यात चार बोटं पाणी, वर ओलं पोतं. पोतं बाजूला केलं की काळपट, दंडगोल अंगाची, सापासारख्या चपट्या डोक्याची मरळ वळवळते. मरळीला वरची हवा घेता येते, म्हणून पाण्याबाहेर काढली तरी ती तासन्‌तास तग धरते आणि बाजारात जिवंत पोचते. घमेल्यावर पोतं नसेल तर उडी मारून ती भाजीवालीच्या पालात जाऊन पडते.

गिऱ्हाईक आधी भाव विचारत नाही. "मावशी, तळ्यातला हाय का नदीतला?" मावशीचं उत्तर ठरलेलं असतं. "नदीचाच की. खाऊन बघा, मग पैसे द्या." नदीचा म्हणून विकला जाणारा माल पुष्कळदा जवळच्या साठवण तलावातला असतो, हे विकणारीला ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. तरी प्रश्न विचारला जातोच, आणि नदीचा म्हटलं की दर चढतो. मरळीला तर कटल्याच्या दुप्पट-तिप्पट भाव देताना कुणी कुरकुरत नाही.

मासा आपसूक वाढलेला आहे की कुणी आणून सोडलेला, हा वाद जगात ट्राउटवरून पुष्कळ झाला. थंड, खळाळत्या ओढ्यांतला हा मासा. आपल्याकडे इंग्रजांनी १९०० च्या आसपास तो काश्मीरला आणला, पुढे निलगिरीत आणि मुन्नारच्या चहामळ्यांवर वाढवला. त्याला साधारण वीस अंशांपलीकडचं पाणी मानवत नाही. मे महिन्यात तिरू नदीच्या उथळ पाण्यात पाय घातला तर चटका बसतो, तेव्हा ट्राउट जळकोटला येण्याचा प्रश्नच नाही. त्याच्यावरून झालेला वाद मात्र वेगळं नाव घेऊन कधीच इथे आलेला आहे.

जळकोट हा लातूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा तालुका, उदगीर आणि अहमदपूर या जुन्या तालुक्यांतून वेगळा काढलेला. बालाघाटच्या उतारावरची माळरानं, पलीकडे नांदेडचा मुखेड तालुका, आणि दोन्हीकडून वाहणाऱ्या तिरू, लेंडी या नद्या. त्यांचं पाणी पुढे मांजरेत आणि मांजरेतून गोदावरीत जातं. नद्या म्हणायच्या, पण वाहतात पावसाळ्यापुरत्या. दिवाळीनंतर धार तुटते आणि उरतात ते डोह. माशांचा सगळा संसार त्या डोहांवर.

तलाव मात्र जागोजागी आहेत. तिरूवर हाळी-हंडरगुळीजवळ मध्यम प्रकल्प आहे, बाकी लघुप्रकल्प, साठवण तलाव आणि पाझर तलाव. मराठवाड्यातल्या कितीतरी पाझर तलावांची माती १९७२ च्या दुष्काळात रोजगारावरच्या माणसांनी डोक्यावरून वाहिलेली आहे. ते खोदताना माशांचा विचार कुणाच्या मनात नव्हता. पाणी साठलं, मग पाण्यात मासा हवा, आणि मासा हवा तर बीज आणा, अशी ती साखळी पुढे लागत गेली.

बीज म्हणजे काय ते जवळून पाहण्यासारखं आहे. ऑगस्टच्या सकाळी तलावाच्या भिंतीवर टेम्पो येतो. आत प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्या. खाली थोडं पाणी, वर दाबून भरलेला ऑक्सिजन, तोंडाला रबराचा करकचून वेढा. त्या पाण्यात जिऱ्यापेक्षा थोडे मोठे शेकडो जीव थरथरत असतात. अगदी पहिल्या अवस्थेला खात्याच्या भाषेत मत्स्यजिरे म्हणतात, मग मत्स्यबीज, अर्धबोटुकली आणि बोटभर झालं की बोटुकली. नवखा माणूस पिशवी फोडून पाण्यात ओतून मोकळा होतो आणि निम्मं बीज तिथेच उताणं होतं. जाणता माणूस बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तलावात तरंगत ठेवतो. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं की तोंड सोडतो, तळ्याचं थोडं पाणी आत घेतो आणि पिशवी आडवी धरतो. पिल्लं ओतायची नसतात, त्यांनी आपणहून बाहेर पडायचं असतं. काठाच्या गढूळ पाण्यात एक करडी सावली पसरत जाते, आणि पाचेक मिनिटांत पिशवी रिकामी. तोवर मागे झुडपात पाणकावळे येऊन बसलेले असतात.

दरवर्षी हे करावं लागतं, कारण कटला, रोहू, मृगळ तळ्याच्या साचलेल्या पाण्यात वीत नाहीत. त्यांना पूर लागतो, वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पुरातून पिल्लं गाळून देशभर पाठवली जायची आणि त्या पिल्लांत कुठले मासे मिसळले आहेत याचा भरवसा नसायचा. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूलगतच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. १० जुलै आज मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. गंगेच्या बाजूचा रोहू लातुरात गल्लोगल्ली मिळतो, त्याच्या मागे हे इंजेक्शन आहे. नंतर खात्याच्या यादीत बाहेरचे मासे वाढले. चिनी जातीचे गवत्या आणि चंदेरा आले. सायप्रिनस तर त्याच्या शास्त्रीय नावानेच मासेमारी करणाऱ्या भोयांच्या तोंडी बसला.

या बीजावर माणसांची पोटं आहेत, हे विसरून नदीच्या माशाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेला पाच वर्षांच्या ठेक्याने मिळतो. संस्था ठेक्याची रक्कम भरते, बीज विकत घेते, रात्रीची राखण करते. सभासद बहुतेक भोई आणि कोळी समाजाचे. ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून हाताने वल्हवत तंगूसची जाळी लावायची आणि पहाटे काढायची. पाऊस चांगला झाला तर वर्ष निघतं. पाऊस फिरला तर मार्चमध्येच तळं आटतं, अर्धवट वाढलेला मासा मिळेल त्या भावात काढावा लागतो, आणि ठेक्याचा हप्ता काही आटत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्या वर्षी पिण्याला पाणी नव्हतं तिथे कटल्याचं काय होणार? तळ्यांत भेगाळलेला गाळ होता. पुढच्या पावसात पुन्हा पिशव्या, पुन्हा उधारी.

त्याच भेगाळलेल्या गाळात दुसरा कुणीतरी जिवंत असतो. पाणी आटत गेलं की मरळ ओलसर चिखलात शिरते आणि हवेवर दिवस काढते. तिच्या जातीचा धाकटा डोकऱ्या, तसाच मागूर, हेही चिवट. पाऊस पडला की ते कुणी न बोलावता हजर होतात. मरळीचं बाळंतपणही तिचं ती करते. काठाच्या गवतात, पाणवनस्पतींत जागा साफ करून अंडी घालते आणि नर-मादी राखण करतात. पिल्लं लालसर-केशरी, त्यांचा गोळा पाण्यावर उकळल्यासारखा हलत असतो आणि खाली आईबाप. गळाला बेडकी लावून बसणाऱ्यांना ही खूण पक्की ठाऊक. पिल्लांच्या गोळ्यावर गळ टाकला की राखणदार चिडून तोंड घालतो. एक मोठी मरळ मिळते आणि तो अख्खा गोळा दिवसभरात इतर माशांच्या पोटात जातो. नदीचा मासा कमी झाला म्हणून खंत करणाऱ्यांतही हा गळ टाकणारे असतात, हे बोलायला जड जातं.

सरकारी पुस्तकाने मात्र मरळीला बरीच वर्षं शत्रूच मानलं. ती बोटुकल्या खाते, हे खरंच आहे. मत्स्यशेतीची जुनी शिकवण अशी, की बीज सोडण्याआधी तळ्यातले भक्षक आणि निरुपयोगी मासे मारून घ्यावेत. त्यासाठी मोहाची पेंड. मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी अडीच हजार किलो. पेंडीतल्या विषाने मासे वर येतात, काही दिवसांत विष उतरतं, मग स्वच्छ झालेल्या पाण्यात कटला-रोहू. लहान तळ्यात हिशेबाच्या दृष्टीने हे बरोबर असेल. पण निरुपयोगी कोणाला म्हटलं? बोटभर खवल्यांचे मासे, मळ्या, चिखलातले बारके, चांभारी, नदीची झिंगी. मजुरी करणाऱ्या घरात संध्याकाळी हेच मासे हळद-तिखट-मिठात काट्यासकट तव्यावर पडायचे. त्यांना ठेका नव्हता आणि बीजही नव्हतं. पहिल्या पुराला चढणीचे मासे ओढ्याने वर येत, बांधावर टोपली लावली की कालवण होई. या माशांची किंमत कुठल्या वहीत लिहिली गेली नाही. त्यामुळे ते गेले तेव्हा नुकसानही कुठे लिहिलं गेलं नाही.

ट्राउटचा वाद इथे उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात नद्यांत दरवर्षी हॅचरीतले ट्राउट सोडले जायचे, कारण गळ टाकणाऱ्या शौकिनांना मासा हवा. डिक व्हिन्सेंट नावाच्या शास्त्रज्ञाने मॅडिसन नदीच्या काही टप्प्यांत मासे मोजले. जिथे सोडणं थांबवलं तिथे नदीतच जन्मलेले ट्राउट वाढत गेले. जिथे नव्याने सोडलं तिथे घटले. हौदात, भरवलेल्या खाद्यावर वाढलेला मासा नदीत आला की जागेसाठी धसमुसळेपणा करतो, नदीच्या माशाला त्याच्या आसऱ्यातून हुसकावतो आणि हिवाळ्यात स्वतःही मरतो. १९७४ साली मॉन्टानाने ट्राउटच्या नद्यांत मासे सोडणं बंद केलं. शौकीन खवळले होते. आज तिथल्या नद्या जगभरच्या गळवाल्यांची पंढरी आहेत. इंग्लंडनेही वेगळी वाट काढली; २०१५ पासून तिथे नद्यांत सोडायचे तपकिरी ट्राउट वांझ केलेले असावेत असं धोरण आहे, म्हणजे त्यांची नदीच्या ट्राउटशी वीण होत नाही.

हे सगळं दूर देशाचं वाटत असेल तर लोणावळ्याला यावं. टाटांच्या वीज कंपनीने तिथल्या वळवण तलावाकाठी महसीरची हॅचरी उभारली, आणि दख्खनच्या महसीरचं बीज कृत्रिमरीत्या तयार करण्याचं काम सी. व्ही. कुलकर्णी, एस. एन. ओगले यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांनी तिथे केलं. हा आपल्या मातीचा मासा. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याकडच्या नद्यांतून. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवाचा मासा म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. धरणांनी आणि सुरुंगाच्या मासेमारीने महसीर संपत चालला होता, तेव्हा ही हॅचरी म्हणजे मोठाच आधार होता. त्या कामाबद्दल आदरच आहे.

पण १९७० च्या दशकात लोणावळ्याची पिल्लं कर्नाटकात कावेरीला गेली. कावेरीत आधीच एक महसीर होता. केशरी परांचा, पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. १९४६ साली म्हैसूरजवळ व्हॅन इंगेन यांनी पकडलेला असा मासा १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोंचा होता. लोणावळ्याहून आलेला निळसर परांचा महसीर तिथे छान रुजला. मासे धरून परत सोडणाऱ्या शौकिनांना जास्त मासे लागू लागले, सगळे खूश. एड्रियन पिंडर, राजीव राघवन या मत्स्यअभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये गळवाल्यांच्या छावण्यांतल्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा लक्षात आलं, की माशांची संख्या वाढलीय ती निळ्या परांच्या पाहुण्याची. कावेरीचा स्वतःचा मासा दिसेनासा होत चाललाय. त्याला शास्त्रीय नाव तरी कुठलं, हेच २०१८ पर्यंत नक्की झालं नव्हतं. त्याच वर्षी टोर रेमादेवी या नावाने तो अतिसंकटग्रस्त म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत चढला. एका महाराष्ट्रीय माशाला वाचवण्याच्या भल्या हेतूने दुसऱ्या नदीचा मासा मरणाच्या दारात गेला. यात खलनायक कुणी नाही, म्हणूनच ही गोष्ट जास्त बोचते.

तिरू-लेंडीच्या डोहांत कुणी मुद्दाम पाहुणे सोडायला जात नाही. ते आपोआप येतात. सांडवा वाहिला की तळ्याचा मासा ओढ्यात उतरतो. १९५२ साली देशात आलेला आफ्रिकेचा चिलापी असाच सगळीकडे पोचला. तो साचलेल्या पाण्यातही वर्षातून अनेकदा वितो, पिल्लं तोंडात सांभाळतो आणि डबकं मिळालं तरी पसरतो. आता शेततळी आली. २०१६ च्या मागेल त्याला शेततळे योजनेनंतर प्लास्टिकच्या अस्तराची निळी चौकोनी तळी माळावर दिसू लागली, आणि त्यांत पंगस, दक्षिण अमेरिकेचा रूपचंद, कुठे कुठे चोरून थाई मागूर. थाई मागुराच्या शेतीवर केंद्राने २००० सालीच बंदी घातली, तरी अधूनमधून तो सापडतोच. हा मासा पावसाळी रात्री ओल्या जमिनीवरून सरपटत जातो. शेततळ्याचा बांध त्याला काय अडवणार?

तरीही पाहुण्यांना दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. मराठवाड्याच्या नदीचा मासा संपला तो प्रामुख्याने डोह गेल्यामुळे. वाळूउपशाने तळ खरवडला गेला. जलयुक्त शिवारच्या खोलीकरणात पोकलेनने ओढे सरळ, रुंद आणि सारख्या खोलीचे झाले. पाणी साठलं याचं समाधान खरं, पण काठाची लव्हाळी, कपारी, खडकाआडचे खळगे, म्हणजे मासा जिथे अंडी घालतो आणि उन्हाळा काढतो ती जागाच गेली. मांजरेवर बॅरेज आणि इतरत्र कोल्हापुरी बंधारे. त्यांच्या फळ्या वेळेवर निघाल्या नाहीत तर चढणीच्या माशाने चढायचं कुठून? एखादा सरळ भिंतीचा बंधारा आणि त्याखाली डोकं आपटणारे बोटभर मासे, हे दृश्य जूनमध्ये कुठल्याही ओढ्यावर पाहायला मिळतं. वर बंधाऱ्याच्या भिंतीवर फेकजाळी घेतलेली पोरं उभी असतात. त्यांना ते सोपं पडतं.

मग करायचं काय? माझं मत साधं आहे. तळ्यात बीज सोडावं, बोटुकलीच्या आकाराचं आणि चांगल्या जातीचं सोडावं, आणि ते संस्थेच्या सभासदांना परवडेल अशा दराने मिळावं. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला; त्याचा अर्थ तळं आटलं तेव्हाही कळायला हवा, नाहीतर कागदी सन्मानाने भोयाच्या घरात चूल पेटत नाही. नदीचं मात्र उलट. तिथे सोडण्याचा कार्यक्रम नको, फोटोसाठी तर नकोच. दर गावाने आपल्या हद्दीतला एखादा डोह राखावा. तिथली वाळू काढू नये, उन्हाळ्यात मोटारी लावून तो कोरडा करू नये आणि जून-जुलैत गळ-जाळं टाकू नये. देवाच्या नावाने राखलेले डोह आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहेत. जूनच्या आत बंधाऱ्यांच्या फळ्या काढणं हे तर नियमातच आहे, त्यासाठी नवा जीआर लागत नाही.

मरळीबाबत शेजारच्या तेलंगणाकडे पाहायला हरकत नाही. तिथे मरळ, त्यांची कोर्रमीनू, हा राज्यमासा आहे. २०१६ पासून तिथलं सरकार तलावांत फुकट बीज सोडतं, त्यातही मुख्य भर कटला-रोहूवरच. मरळीचं बीज तयार करणं कटकटीचं. पिल्लं एकमेकांना खातात आणि सुरुवातीला त्यांना जिवंत खाद्य लागतं. आपला राज्यमासा २०२३ पासून पापलेट आहे. समुद्राकाठच्या कोळ्यांसाठी तो निर्णय योग्यच, पण लातूर-नांदेडच्या बहुतेक घरांनी पापलेट हॉटेलच्या मेन्यूत पाहिलेला.

आता सगळ्यांचं लक्ष लेंडीकडे लागायला हवं. मुखेड तालुक्यातलं लेंडीचं आंतरराज्य धरण कित्येक दशकं रखडलं. घळभरणी झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या अतिवृष्टीत रावणगाव, हसनाळ ही गावं पाण्यात गेली, माणसं दगावली. त्या गावांचं पुनर्वसन हा पहिला प्रश्न आहे आणि तो माशांच्या कितीतरी वर आहे. पण पाणी साठलं की तिथेही ठेका निघेल, टेम्पो येतील, पिशव्या तरंगतील. त्याआधी लेंडीच्या वरच्या अंगाला, जळकोटच्या बाजूच्या ओढ्यांत आज कोणते मासे आहेत याची यादी करणं फार अवघड नाही. दोन पावसाळ्यांचं काम. मुखेडचे नाहीतर उदगीरचे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी ते करू शकतील, आणि कुठला मासा कुठल्या डोहात असतो हे त्यांना सांगणारे म्हातारे भोई अजून आहेत. मत्स्यव्यवसाय खात्याने ठेक्याच्या अटींत एवढी एक ओळ घातली, की वरच्या ओढ्यांत बीज सोडायचं नाही आणि धरणाच्या वरच्या टोकाला पावसाळ्यात जाळं लावायचं नाही, तर धरणातल्या पाण्यातून चढणीला लागणारा मासा वर जाऊन वीण घालू शकेल. संस्थेलाही ते परवडेल, कारण त्यातली पिल्लं पुराबरोबर परत तिच्याच पाण्यात उतरतील, तीही विकत न घेता.